मुंबई लोकलचं एक दिवसाचं पर्यटक तिकीट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लोकलने एका दिवसात कुठे कुठे जाऊन येता येईल, असं विचारणाऱ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत: आधी तिकिटाचे, मग ठिकाणांचे, शेवटी अडचणींचे. एखाद्या गोष्टीचा खुलासा दुसरीकडे असेल तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पर्यटक तिकीट म्हणजे नक्की काय? रोजच्या तिकिटापेक्षा त्यात वेगळं काय?

साधं तिकीट एका स्टेशनापासून दुसऱ्या स्टेशनापर्यंतचं असतं. मध्ये उतरलात, बाहेर फिरून आलात, की ते संपलं. पर्यटक तिकीट स्टेशनांशी बांधलेलं नसतं. मध्य, पश्चिम आणि हार्बर अशा तिन्ही मार्गांवर दिवसभर कुठेही चढा, कुठेही उतरा, मार्ग बदला, त्याच स्टेशनवर परत या. ते एक, तीन आणि पाच दिवसांचं मिळतं, सेकंड क्लासचं आणि फर्स्ट क्लासचंही. इथली माहिती एका दिवसाच्या तिकिटासाठी लिहिली आहे, पण बाकीच्या दोघांनाही ती जशीच्या तशी लागू पडते.

तिकीट खिडकीवर “एक दिवसाचं टुरिस्ट तिकीट” असं स्पष्ट मागा. नुसतं “रिटर्न” म्हणालात तर साधं रिटर्न हातात पडेल.

२. नाव “पर्यटक” आहे, पण मी डोंबिवलीचाच. मला देतील का?

देतील. बाहेरगावचं किंवा परदेशी असण्याची अट नाही. उलट ज्याला फास्ट-स्लो, पूल, फलाट पाठ आहेत, त्यालाच या तिकिटाचा खरा फायदा उठवता येतो.

३. हे परवडतं कधी? साधं रिटर्न कधी बरं?

एकाच ठिकाणी जाऊन यायचं असेल तर साधं रिटर्न काढा. सीएसएमटी ते कर्जत १०० किलोमीटर. एवढ्या लांब जाऊन आलात तरी सेकंड क्लासचं रिटर्न सहसा स्वस्त पडतं. लोकलचं भाडं अंतराच्या मानाने मुळातच कमी आहे, कमीत कमी तिकीट ५ रुपयांचं.

पर्यटक तिकीट कामी येतं ते वाटेत दोन-तीनदा उतरायचं असेल तेव्हा, किंवा सकाळी पश्चिमेवर आणि दुपारी मध्यवर असा बेत असेल तेव्हा. आणखी एक फायदा पैशात मोजता येत नाही, आणि माझ्या मते तोच मोठा आहे. प्रत्येक स्टेशनवर पुन्हा रांगेत उभं राहावं लागत नाही. एखादं ठिकाण कंटाळवाणं निघालं तर “आता तिकीट काढलंय ना” म्हणून तिथे रेंगाळावंही लागत नाही, सरळ पुढच्या गाडीत बसायचं.

४. हद्द कुठपर्यंत आहे?

पश्चिमेवर चर्चगेटपासून विरार आणि पुढे डहाणू रोडपर्यंत. विरार-डहाणू पट्टा उपनगरी सेवेत आला तो २०१३ मध्ये. मध्यवर कल्याणहून दोन फाटे फुटतात: एक टिटवाळा, आसनगाव करत कसाऱ्याला, दुसरा अंबरनाथ, बदलापूर, नेरळ करत कर्जत आणि खोपोलीला. हार्बर एका बाजूला पनवेलपर्यंत, दुसऱ्या बाजूला गोरेगावपर्यंत. ठाण्याहून वाशी-पनवेलकडे जाणारी ट्रान्स-हार्बर आणि नेरूळ-बेलापूरहून उरणला जाणारी लाइन हीसुद्धा उपनगरी जाळ्यातच येते.

खिडकीवरून बाजूला होण्याआधी तिकिटावरची तारीख आणि वर्ग वाचून घ्या. चूक असेल तर ती तिथेच दुरुस्त होते, नंतर टीसीसमोर नाही.

५. कोणत्या गाड्यांना हे तिकीट चालत नाही?

सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात, म्हणून जरा सविस्तर.

मेल-एक्सप्रेसला चालत नाही. कल्याणला उभं असताना समोर मुंबईकडे जाणारी रिकामी एक्सप्रेस लागली, तरी चढू नका. दादरपर्यंतच जायचंय, हे टीसीला सांगून उपयोग नसतो.

एसी लोकलला चालत नाही. तिचं भाडं वेगळं, तिकीट वेगळं. इंडिकेटरवर एसी असं दिसतं तेव्हा ती गाडी सोडा.

मेट्रो, मोनोरेल आणि बेस्टच्या बस यांचा या तिकिटाशी संबंध नाही. नेरळ-माथेरानची छोटी गाडीही वेगळी (प्रश्न ११ पाहा).

वसई रोड-दिवा-पनवेल या मार्गावर लोकल नाही, मेमू (कमी पल्ल्याची विजेवरची पॅसेंजर गाडी) धावते. नकाशात तो पश्चिमेला मध्यशी जोडणारा सोपा रस्ता दिसतो, म्हणून बरेच जण तिकडे वळतात. त्याचं तिकीट वेगळं काढा, नाहीतर दादरला मार्ग बदला.

६. फर्स्ट क्लासचं काढावं का?

बाहेरच्या दिशेने जाणार असाल तर गरज नाही. सकाळी मुंबईतून कर्जत-कसाऱ्याकडे सेकंडमध्येही खिडकी मिळते (प्रश्न १२ पाहा). फर्स्टचं तिकीट सेकंडच्या कितीतरी पट आहे. तेवढ्या पैशांत दिवसभराच्या रिक्षा आणि जेवण निघतं. सोबत वयस्कर माणूस असेल आणि संध्याकाळच्या गर्दीत शहराबाहेर परतायचं असेल, तेव्हा मात्र तो खर्च करावा.

सेकंडचं तिकीट घेऊन फर्स्टच्या डब्यात बसू नका. पकडलं तर भाड्याच्या फरकावर किमान २५० रुपये दंड भरावा लागतो.

७. एका दिवसात किती ठिकाणं होतात?

दोन नीट होतात. तिसरं धरायचं तर ते स्टेशनला लागून हवं. जे बेत फसतात त्यात चार-पाच नावं असतात आणि ती दोन वेगळ्या टोकांची असतात. वसई आणि कर्जत एकाच दिवशी, हा बेत कागदावर जमतो, पण अर्धा दिवस गाडीत आणि पुलांवर जातो.

एक फाटा निवडा. सगळ्यात लांबचं ठिकाण सकाळी गाठा आणि परतीच्या वाटेवर बाकीची करा. म्हणजे उशीर झालाच तर जे राहील ते घराजवळचं राहील, पुन्हा केव्हाही करता येईल असं. रिक्षाचा वेळ हिशेबात धरा, कारण लोकलच्या वेळेपेक्षा तोच जास्त चकवतो.

८. मध्य रेल्वेवर एक दिवस असेल तर काय पाहावं?

माझी पहिली पसंती टिटवाळा आणि अंबरनाथ. दोन्ही कल्याणच्या पलीकडे, पण वेगवेगळ्या फाट्यांवर, म्हणजे पर्यटक तिकिटाला अगदी सोयीचं.

सकाळी टिटवाळ्याला महागणपती. संकष्टी, त्यातही अंगारकी, असेल तर रांग तासन्‌तास चालते. नुसतं मंदिर पाहायचं असेल तर तो दिवस टाळा. मग कल्याणला परत येऊन कर्जतच्या फाट्यावरची गाडी धरा आणि अंबरनाथला उतरा.

अंबरनाथचं शिवमंदिर स्टेशनच्या पूर्वेला आहे, चालत जाता येतं. शिलाहारांच्या काळातलं हे भूमिज शैलीतलं (शिखरावर छोट्या शिखरांच्या रांगा असणाऱ्या घडणीचं) मंदिर. तिथल्या शिलालेखात शके ९८२ आहे, म्हणजे इ. स. १०६०. शेजारून वालधुनी वाहते. तिची आजची अवस्था पाहून वाईट वाटतं, तरी मंदिराकडे पाठ फिरवू नका. आधी बाहेरून सावकाश एक फेरी मारा. कोनाकोनांत दुमडत गेलेल्या भिंती, खालचा हत्तींचा थर आणि वरच्या मूर्ती दिसतील. पावसापाण्याने कित्येकांचे चेहरे झिजून गेले आहेत, पण उभं राहण्याची ढब तशीच आहे. मग आत जा. सभामंडपातून गाभाऱ्यात पायऱ्या उतरून जावं लागतं, पिंडी जमिनीच्या पातळीखाली आहे, आणि मान वर केली की शिखराच्या जागी मोकळं आकाश. हे देऊळ जागतं आहे, रोजची पूजा चालते. महाशिवरात्रीला इथे मोठी जत्रा भरते, तेव्हा शिल्पं पाहायला उसंत मिळत नाही.

परतताना वेळ उरला तर ठाण्याला उतरून तलावपाळीवर बसा. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी ३४ किलोमीटर धावून याच ठाण्याला आली होती.

डोंगर चढायचा असेल तर आसनगावहून माहुली. तो पूर्ण दिवस घेतो, त्याला दुसरं काही जोडू नका. कर्जतहून कोंढाणे लेण्यांचंही तसंच: कोंदिवड्यापर्यंत रिक्षा, पुढे पायवाट. खोपोलीला जाणार असाल तर वेळापत्रक हातात ठेवा. कर्जतच्या पुढे एकेरी मार्ग आहे, एक गाडी चुकली की पुढच्या गाडीची बराच वेळ वाट पाहावी लागते. मात्र पळसदरी ते खोपोलीचा तो छोटासा प्रवास दाराजवळच्या सीटवरून करण्यासारखा आहे. खोपोलीचं वीज केंद्र १९१५ पासूनचं, टाटांच्या पहिल्या जलविद्युत योजनेतलं.

एक उपयोगाची खूण: इंडिकेटरवर फक्त अक्षर दिसलं तर “एस” म्हणजे कर्जत आणि “एन” म्हणजे कसारा. कल्याणपर्यंत दोन्ही एकाच रुळांवरून धावतात, म्हणून चूक लक्षात येते तेव्हा उशीर झालेला असतो.

९. आणि पश्चिम रेल्वेवर?

नालासोपारा आणि वसई, याच क्रमाने.

नालासोपाऱ्याचं नाव काढलं की लोकांच्या डोळ्यांसमोर फक्त गर्दी येते. पण हेच जुनं शूर्पारक बंदर. पश्चिमेला बुरुड राजाच्या कोटात १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी स्तूप उकरून काढला. सम्राट अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे सोपाऱ्यात सापडले, त्यातला एक छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. स्तूपाच्या जागी आज विटांचा उंचवटा आणि भोवती झाडं एवढंच दिसतं. काय पाहायचं ते ठाऊक असेल तरच इथे जा.

वसईचा किल्ला मात्र कुणालाही आवडतो. वसई रोडला पश्चिमेकडे उतरून बस किंवा शेअर रिक्षा. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी तो पोर्तुगीजांकडून जिंकला, आणि १८०२ चा वसईचा तहही इथलाच. आत पडक्या चर्चच्या भिंती, कमानी, दगडात कोरलेली पोर्तुगीज चिन्हं, आणि त्यांच्याच मध्ये नागेश्वराचं देऊळ. तट ओलांडून किल्लाबंदरच्या कोळीवाड्याकडे गेलात तर बांबूंच्या वलांडींवर वाळत घातलेले बोंबील दिसतील. सावली कमी आहे, पाणी जवळ ठेवा. परतताना वसईच्या बाजारात सुकेळी मिळाली तर घ्या. ही उन्हात वाळवलेली केळी आता थोड्याच घरांत होतात.

बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान आणि कान्हेरी लेणी यांना स्वतंत्र दिवस द्या. शंभरावर लेणी आहेत, आणि प्रत्येकीजवळ खडकात खोदलेली पाण्याची टाकी. ती टाकी आणि त्यांच्याकडे पाणी नेणारे चर पाहत वरपर्यंत चढत गेलात तरच कान्हेरी कळते. सोमवारी बंद.

समुद्र हवा असेल तर केळवे रोडला उतरून केळवे: शितलादेवीचं देऊळ आणि सुरूच्या बनामागचा किनारा. डहाणूच्या लोकल मोजक्याच आहेत, परतीची वेळ आधी पाहून ठेवा. डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन आहे, स्टेशनबाहेर तो टोपल्यांत मिळतो.

१०. उरणची लाइन फिरायला कशी आहे? तिथे पाहण्यासारखं आहे का?

माझं प्रामाणिक मत: ठिकाणापेक्षा प्रवास सुंदर. खारकोपरच्या पुढचा उरणपर्यंतचा भाग जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला. खाजण, खाडी, मध्येच बंदराचे कंटेनर असा सगळा पट्टा खिडकीतून दिसतो. गाड्या विरळ आहेत, म्हणून नेरूळ किंवा बेलापूरहून निघतानाच परतीची गाडी ठरवा. उरणला उतरून पिरवाडीच्या किनाऱ्यावर जाता येतं. हिवाळ्यात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला गेलात तर येता-जाता सीवूड्स-नेरूळच्या पाणथळींवर रोहित पक्षी दिसू शकतात. भरती-ओहोटीवर ते कुठे बसतात हे ठरतं, त्यासाठी दुर्बीण आणि सबुरी लागते.

११. माथेरान या तिकिटावर होतं का?

नेरळपर्यंत होतं. पुढची नॅरोगेज गाडी १९०७ पासून धावते आहे, पण तिचं तिकीट नेरळला वेगळं काढावं लागतं आणि जागा कमी असल्याने सुट्टीच्या दिवशी ते मिळेलच असं धरून चालू नका. मिळालं नाही तर शेअर टॅक्सीने दस्तुरीपर्यंत (मोटारी तिथेच थांबतात), तिथून चालत किंवा जवळच्या अमन लॉज स्टेशनहून माथेरानपर्यंतच्या छोट्या गाडीच्या शटलने. माथेरानला मोटारबंदी आहे आणि पर्यटकांना प्रवेश कर भरावा लागतो. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज गाडी बंद असते, शटल मात्र चालू राहते. नुसत्या माथेरानसाठी पर्यटक तिकीट घेऊ नका, नेरळचं साधं रिटर्न पुरे.

१२. लोकलची गर्दी पाहून भीती वाटते. कधी निघावं?

सकाळी माणसांचा लोंढा मुंबईकडे येतो, संध्याकाळी मुंबईबाहेर जातो. दादरहून सकाळी आठला कर्जत धरलीत तर तुम्ही लोंढ्याच्या उलट जाता. संध्याकाळी सहाला मुंबईकडे परतताही उलटेच. म्हणजे मुंबईकराला ही सहल सोपी आहे. बदलापूर, विरारकडच्यांना मुंबईत फिरायला यायचं असेल तर अकरानंतर निघावं आणि चारच्या आत किंवा नऊनंतर परतावं.

बोरिवलीला उतरायचं असेल तर गर्दीच्या वेळी विरार फास्टमध्ये चढू नका. दारापर्यंत पोहोचताच येत नाही. आणि नवख्या स्टेशनवर उतरायचं असेल तर एक-दोन स्टेशनं आधीच शेजारच्याला “फलाट कुठल्या बाजूला येणार?” असं विचारून ठेवा. लोक सांगतात, शिवाय वाटही करून देतात.

१३. रविवारीच सुट्टी असते. चालेल ना?

चालेल, पण शनिवारी मेगाब्लॉकची बातमी पाहूनच. रुळांच्या दुरुस्तीसाठी मध्य आणि हार्बरवर रविवारी साधारण साडेदहा-अकरापासून दुपारी साडेतीन-चारपर्यंत ब्लॉक असतो. फास्ट गाड्या स्लो मार्गाने वळवतात, हार्बरवर तर मधला भागच बंद असू शकतो. त्याआधी ठिकाणी पोहोचा आणि ब्लॉक संपल्यावर परत निघा, म्हणजे त्याची झळ लागत नाही. सोमवारी गर्दी कमी असेल म्हणून रजा टाकणाऱ्यांनी लक्षात ठेवा: कान्हेरी आणि घारापुरी दोन्ही सोमवारी बंद असतात.

१४. पावसाळ्यात जावं का?

जावं, कर्जतचा फाटा तेव्हाच खरा देखणा असतो. पण मुसळधार पावसाचा इशारा असेल त्या दिवशी नको. बदलापूर-वांगणीचा पट्टा उल्हास नदीच्या काठाने जातो. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ पुरात अडकली होती, हजारावर प्रवाशांना बोटी आणून सोडवावं लागलं. रूळ पाण्याखाली गेले की तुमचं तिकीट कितीही वैध असो, घरी येता येत नाही.

धबधब्यांबद्दल कळकळीने सांगायचं तर भिवपुरी आणि खोपोलीच्या धबधब्यांवर दर पावसाळ्यात जीव जातात. प्रशासन बंदी घालतं ती पाळा. डोंगरात वर पाऊस पडला की खाली क्षणात लोंढा येतो.

१५. मुलं आणि आई-बाबा सोबत आहेत. काही सवलत?

पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही, पाच ते बारा वर्षांपर्यंत अर्धं. बारा वर्षांखालचा मुलगा आईबरोबर महिलांच्या डब्यात बसू शकतो. ज्येष्ठांसाठी राखीव जागा असतात, त्या कोणत्या डब्यात येतात हे फलाटावरच्या फलकावर पाहून तिथेच उभे राहा. गुडघे दुखत असतील तर बेत आखताना किल्ल्यापेक्षा पुलांची काळजी जास्त करा. दादरला मार्ग बदलणं म्हणजे मोठा जिना आणि मोठी गर्दी. अशा वेळी एकाच मार्गावरची ठिकाणं निवडा.

१६. कर्जतपर्यंत गेलोच आहे, तर लोणावळा? किंवा कसाऱ्याहून इगतपुरी?

या तिकिटावर नाही. मुंबईच्या लोकल घाटाखालीच थांबतात. लोणावळ्यालाही लोकल दिसते, पण ती पुण्याच्या बाजूची. कर्जतहून घाट चढायला एक्सप्रेसचं वेगळं तिकीट लागतं. खोपोलीहून एसटीने लोणावळा गाठता येतं, कसाऱ्याहून नाशिककडे शेअर टॅक्सी जातात. कर्जतला वडा खात उभे असाल तर फलाटावरून एवढं नक्की पाहा: पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना घाट चढवण्यासाठी मागून जादा इंजिनं जोडतात.

१७. माझ्याकडे ठाणे-सीएसएमटी पास आहे. तरी पर्यटक तिकीट घ्यावं का?

बहुतेक वेळा नको. पास जिथे संपतो तिथून पुढचं तिकीट काढलं की झालं. तुम्हाला ठाणे ते टिटवाळा, ठाणे ते अंबरनाथ एवढंच लागेल. दिवसभर पासाच्या हद्दीबाहेर, तेही वेगवेगळ्या मार्गांवर फिरणार असाल तेव्हाच पर्यटक तिकिटाचा विचार करा. पास मात्र घरी विसरू नका, तो जवळ नसेल तर पुढचं तिकीट अर्धवट ठरतं.

१८. तिकीट हरवलं तर? फोटो काढून ठेवला तर चालतो का? सकाळी मी आणि संध्याकाळी भाऊ असं वापरता येईल का?

तिन्हींचं उत्तर नाही. दुसरी प्रत मिळत नाही, फोटो ग्राह्य धरत नाहीत, आणि अर्धवट वापरलेलं तिकीट दुसऱ्याला देणं कायद्याने गुन्हा आहे. दिवसातून अनेकदा बाहेर काढावं लागणारा कागद आहे हा, घामाने आणि पावसाने लगदा होतो. प्लास्टिकच्या पाकिटात ठेवा.

१९. परतीची गाडी रात्री बाराच्या आसपासची असेल तर?

तिकीट शेवटच्या दिवशी मध्यरात्रीपर्यंतच चालतं. कसारा किंवा खोपोलीहून मुंबईत यायला दोन-अडीच तास लागतात, म्हणजे तिथून नऊपर्यंत निघालेलं बरं. त्याहून उशीर होणार हे दिसत असेल, तर गाडीत बसण्याआधी तिथल्या खिडकीवर घरापर्यंतचं साधं तिकीट काढून घ्या.